सीआरपी, एनएलआर आणि मधुमेहाचा डोळा: सोसायटीच्या शिबिरात काय ठेवावं?

घोडबंदरकर

आमच्या सोसायटीत (घोडबंदर रोड, कासारवडवलीच्या अलीकडे) दिवाळीनंतर मधुमेहींसाठी एक शिबिर घ्यायचं घाटतंय. एका लॅबने पॅकेज देऊ केलंय: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि दाह, म्हणजे शरीरातली आतली सूज, दाखवणाऱ्या चाचण्या: ईएसआर, एचएस-सीआरपी, फायब्रिनोजेन, इंटरल्यूकिन-६. रिपोर्टच्या तळाशी एनएलआर, पीएलआर आणि एसआयआय अशी तीन गुणोत्तरंही काढून देणार. त्यांच्या प्रतिनिधीचं म्हणणं असं की मधुमेहात डोळ्याचा पडदा दाहामुळे खराब होतो, त्यामुळे रक्तातले दाहाचे आकडे ज्यांचे वाढलेत त्यांनाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा, बाकीच्यांचा खर्च वाचेल.

कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो रक्त द्यायचंच आहे तर सगळं एकदम होऊन जाऊ दे, दुसरा म्हणतो ते पैसे पडद्याच्या फोटोवर खर्च करा. जाणकारांनी सांगावं: या आकड्यांवरून डोळ्याचं काही कळतं का? आणि पैसे मोजकेच असतील तर काय ठेवावं, काय गाळावं?

सूक्ष्मदर्शक

पॅकेज वाईट नाही, प्रतिनिधीचं शेवटचं वाक्य मात्र घातक आहे. त्यावर पडद्याचे लोक बोलतीलच, मी लॅबपुरतं लिहितो.

आधी, ज्याचे वेगळे पैसे मोजायची गरज नाही ते. तिन्ही गुणोत्तरं साध्या सीबीसीतून घरबसल्या निघतात. समजा रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी ८,४००, न्यूट्रोफिल ६८ टक्के, लिम्फोसाइट २४ टक्के आणि प्लेटलेट २.६ लाख आहेत.

न्यूट्रोफिल ५,७१२, लिम्फोसाइट २,०१६. एनएलआर म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागायचं: २.८३. (टक्क्याला टक्क्याने भागलंत तरी तेच येतं.) पीएलआर म्हणजे २,६०,००० भागिले २,०१६, साधारण १२९. एसआयआय म्हणजे प्लेटलेट गुणिले एनएलआर. इथे लोक फसतात. प्लेटलेट हजारांत धरायच्या, म्हणजे २६० गुणिले २.८३, सुमारे ७३७. आपले रिपोर्ट लाखांत असतात. कुणी २.६ ने गुणलं की ७.३७ येतं आणि माणूस उगाच खूश होतो.

आता चुका कुठे होतात ते.

१) काउंटर थ्री-पार्ट आहे की फाइव्ह-पार्ट हे विचारा. बरीच थ्री-पार्ट मशीनं न्यूट्रोफिल वेगळे मोजत नाहीत, इओसिनोफिलसारख्या इतर दाणेदार पांढऱ्या पेशीही त्यांत धरतात. ज्याचे इओसिनोफिल वाढलेत (दमा, ॲलर्जी, जंत) त्याचा एनएलआर त्यामुळे फुकट फुगू शकतो.

२) जांभळ्या झाकणाची ट्यूब रक्त घेतल्याबरोबर आठ-दहा वेळा हळुवार उलटीपालटी करायची. शिबिरात घाईघाईत हेच राहून जातं. बारीक गुठळी झाली की प्लेटलेट कमी येतात आणि पीएलआर, एसआयआय दोन्ही कोसळतात. काहींच्या प्लेटलेट तर त्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळेच एकमेकींना चिकटतात. आकडा अनपेक्षितपणे कमी आला तर स्लाइड बघायला सांगा.

३) रिपोर्टमधला एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचं सरासरी आकारमान, हाही हल्ली डोळ्याशी जोडतात. ईडीटीएत प्लेटलेट तासागणिक फुगतात. सकाळी सातला क्लबहाऊसमध्ये घेतलेलं रक्त दुपारी मशीनवर लागलं तर तो एमपीव्ही बाद समजा.

४) ईएसआरचं रक्त साध्या तापमानाला चार तासांच्या आत लावावं लागतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर ईएसआर तसाही वाढतो, वयानेही वाढतो. पुरुषांत वयाच्या निम्मा, बायकांत वयात १० मिळवून त्याच्या निम्मा, इथपर्यंत चालवून घेतात. सत्तरीच्या बाईंचा ईएसआर ३८ आला तर डोळ्यांपर्यंत जायचं काही कारण नाही.

कडू कारलं

म्हणजे सीबीसीतच फुकट निघणाऱ्या तीन आकड्यांना तळाशी चौकट आखून पॅकेज! बटाटेवड्याबरोबर कागद मोफत.

पडदानशीन

घोडबंदरकर, 'दाहामुळे पडदा खराब होतो' हे प्रतिनिधीने हवेत मारलेलं नाही. साखर वर्षानुवर्षं वाढलेली असली की पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर आयकॅम-१ नावाचा चिकट रेणू वाढतो. पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, वाट अडवतात, अस्तर जखमी करतात. वाहिनीला बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी मरतात, भिंतीला फुगे येतात (तेच मायक्रोॲन्युरिझम), पाझर सुरू होतो. रक्त न पोचलेला पडदा व्हीईजीएफ (नव्या वाहिन्या वाढवणारं प्रथिन) सोडतो, त्याने पाझर आणखी वाढतो आणि पुढे नाजूक नव्या वाहिन्या फुटतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या व्हिट्रियसमध्ये (डोळ्यातल्या जेलीत) इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, एमसीपी-१ हे दाहाचे रेणू वाढलेले सापडतात.

ही कल्पना जुनी आहे. संधिवातासाठी सॅलिसिलेट घेणाऱ्या मधुमेहींत पडद्याचा विकार कमी दिसतो अशी नोंद १९६४ ची. त्यावरून ईटीडीआरएस या मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज ६५० मिग्रॅ ॲस्पिरिन देऊन पाहिली. पडद्याला फायदा शून्य. डोळ्यात रक्तस्रावही वाढला नाही, एवढं मात्र कळलं. तेव्हा हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी डोळ्याच्या भीतीने ती परस्पर बंद करू नये.

मुद्दा असा की हे सगळं घडतं पडद्याच्या भिंतीआड. तो पडदा ग्रॅमभरही वजनाचा नाही. तिथल्या दाहाने दंडातल्या रक्ताचा सीआरपी हलावा ही अपेक्षाच चूक. उलट सीआरपी हलवायला एक किडका दात पुरतो.

आकडेमोड

'पडदा बिघडलेल्या मधुमेहींत एनएलआर जास्त आढळतो' असं जे म्हटलं जातं, ते गटाच्या सरासरीबद्दलचं विधान आहे. पडदा बिघडलेल्यांची सरासरी थोडी वर, न बिघडलेल्यांची थोडी खाली, आणि दोन्ही गट एकमेकांत भरपूर मिसळलेले. त्यावरून एका माणसाचा निवाडा होत नाही.

उदाहरणादाखल आकडे घेऊ (खरे नव्हेत, फक्त गणितासाठी). १०० मधुमेही, त्यांतल्या २० जणांचा पडदा बिघडलेला. चाचणी ७० टक्के रोगी पकडते आणि ६५ टक्के निरोग्यांना 'ठीक' म्हणते. २० पैकी १४ सापडले, ६ सुटले. ८० पैकी २८ जणांना उगाच घाबरवलं. पाठवले ४२, त्यांत खरे १४. आणि जे ६ सुटले ते 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणत दोन वर्षं डोळे दाखवणार नाहीत. माझ्या मते नुकसान या सहांचं, बाकीचा नुसता खर्च.

शिवाय ज्यांचा पडदा बिघडलेला असतो ते बहुधा वयाने मोठे, मधुमेह जुना, बीपी जास्त, मूत्रपिंड थकलेलं, वजन वाढलेलं. यांतली प्रत्येक गोष्ट एनएलआर आणि सीआरपी वाढवते. तेव्हा आकडा डोळ्याबद्दल बोलतोय की पोटाच्या घेराबद्दल, हे सांगणं अवघड.

ऐरोलीचा डॉक्टर

वरच्या सगळ्याला +१. सीआरपीबद्दल थोडं.

एचएस-सीआरपी लिटरला १ मिग्रॅच्या आत कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, ही पट्टी २००३ ची आणि ती हृदयविकारासाठी आहे. डोळ्यासाठी अशी मान्य पट्टीच नाही. १० च्या वर आला तर तो दाह तात्पुरता, कुठल्यातरी संसर्गाचा समजायचा आणि बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा करायचा. सीआरपी रक्तात अर्धा व्हायला साधारण १९ तास लागतात, त्यामुळे कारण गेलं की तो झपाट्याने उतरतो. एककही बघा: काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात. तिथला ०.४ म्हणजे लिटरचा ४.

शिबिर दिवाळीनंतर म्हणताय, म्हणजे पावसाळी तापांची शेपटी असणारच. डेंग्यूत लिम्फोसाइट वर आणि न्यूट्रोफिल खाली जातात, एनएलआर एकच्याही खाली येतो. जिवाणूंचा संसर्ग असेल तर न्यूट्रोफिल ८२ आणि लिम्फोसाइट ११ टक्के अशी जोडी येते, एनएलआर साडेसातच्या घरात. दम्यासाठी प्रेडनिसोलोन चालू असेल तरी न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली. स्टॅटिन सीआरपी उतरवतं. हिरड्या सुजलेल्या असतील तर तो चढतो, आणि मधुमेहींच्या हिरड्या म्हणजे... असो.

रक्त-लघवीतून डोळ्याची जोखीम खरंच कशाने कळते?

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर). डीसीसीटी या मोठ्या चाचणीत (१९९३, टाइप १) साखर कडक ठेवलेल्यांत पडद्याचा विकार नव्याने सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं, आधी होता त्यांच्यात वाढण्याचं ५४ टक्क्यांनी.

बीपी. हे रक्तातही नाही, पट्ट्यात आहे, फुकट आहे. यूकेपीडीएस या ब्रिटिश चाचणीत (१९९८, टाइप २) बीपी कडक ठेवलेल्या गटात पडद्याचा विकार पुढे सरकणं ३४ टक्क्यांनी आणि नजर खालावणं ४७ टक्क्यांनी कमी झालं. दोन गटांच्या वरच्या आकड्यात फरक होता फक्त दहाचा: १४४ आणि १५४.

लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. ग्रॅमला ३० मिग्रॅच्या आत ठीक, ३० ते ३०० मध्ये मूत्रपिंडाची गळती सुरू, त्यावर जास्त. मूत्रपिंड आणि पडदा, दोन्हीकडे बारीक वाहिन्याच. एक गळू लागली की दुसरीकडे बघायलाच हवं. सकाळची पहिली लघवी उत्तम. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशी झेपेल त्याबाहेरचा व्यायाम असेल तर आकडा खोटा वाढतो.

आणि हिमोग्लोबिन. ते कमी असेल तर पडद्याला ऑक्सिजन आणखी कमी पडतो.

फायब्रिनोजेन आणि इंटरल्यूकिन-६ शिबिरातून सरळ काढून टाका. इंटरल्यूकिन-६ महाग आहे आणि त्याचा आकडा घेऊन माझ्याकडे कुणी आलं तर मी उपचारात काडीचा बदल करणार नाही.

सूक्ष्मदर्शक

डॉक्टर, एचबीए१सीला एक पुरवणी. लोहाच्या कमतरतेत तो खोटा जास्त येतो. रक्त चढवलेलं असेल किंवा लाल पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी. थॅलेसेमिया मायनर असेल तरी तो बेभरवशाचा. उल्हासनगर, कल्याण पट्ट्यातल्या सिंधी कुटुंबांत हे विसरू नये. एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) ६५ आणि लाल पेशी ५८ लाख दिसल्या की एचबीए१सीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर सोबत बघा. हे सगळं त्याच जांभळ्या ट्यूबच्या सीबीसीत दिसतं. म्हणून सीबीसी ठेवा, मात्र ती एनएलआरसाठी नको.

तलावपाळी

एक शंका. दाहाचा रक्तातला आकडा इतका कुचकामी असेल तर डोळ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन सूज उतरते कशी? स्टेरॉइड दाहावरच काम करतं ना? मग ज्याचा सीआरपी जास्त त्याला स्टेरॉइड, कमी त्याला दुसरं, असं का ठरवत नाहीत?

पडदानशीन

तलावपाळी, शंका रास्त आहे. मॅक्युलाची (पडद्याच्या मध्यभागाची) सूज असेल तर बहुधा आधी व्हीईजीएफविरोधी इंजेक्शनं: बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, हल्ली फॅरिसिमॅब. सुरुवातीला महिन्याला एक अशी ओळीने, मग ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) बघून अंतर वाढवायचं. काहींची सूज यांनी पुरेशी उतरत नाही. तिथे डेक्सामेथासोनचा ०.७ मिग्रॅचा इम्प्लांट डोळ्यात सोडतात. तो विरघळत तीन-चार महिने काम देतो. सूज उतरते, म्हणजे डोळ्यात दाह होता हे खरंच. बदल्यात डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येतो, म्हणून दाब मोजत राहावं लागतं.

पण कुणाला काय लागू पडेल याचा अंदाज डोळ्यातूनच घेतात. ओसीटीच्या चित्रात पडद्याच्या थरांत चमकदार बारीक ठिपके विखुरलेले असतील, किंवा मॅक्युलाखाली पाण्याचा घुमट उचललेला असेल, तर दाहाचा वाटा मोठा असावा असं धरतात. तेही सोळा आणे पक्कं नाही. पण दंडातल्या सीआरपीपेक्षा ते घटनास्थळाच्या कितीतरी जवळचं आहे.

सूक्ष्मदर्शक

तरी 'एनएलआर म्हणजे कचरा' इथवर जाऊ नका. त्याच माणसाचा, त्याच लॅबचा, त्याच वेळेला घेतलेला एनएलआर दरवेळी १.८ असतो आणि आता ताप नसताना दोनदा ३.५ आला, तर कारण शोधण्यासारखं आहे. पाय, दात, लघवी तपासा. वेळ सारखी ठेवायची कारण सकाळी कॉर्टिसॉल चढलेलं असताना लिम्फोसाइट कमी असतात. महापे-घणसोलीला रात्रपाळी करून येणाऱ्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ.

आकडेमोड

मान्य. पण मग तो पायाचा आणि दाताचा आकडा झाला, डोळ्याचा नव्हे. धागा डोळ्यांचा आहे.

नेरुळकरीण

थोडं अवांतर. दाहच कारण असेल तर रोज हळदीचं दूध आणि ओमेगा-३? आणि कोलेस्टेरॉलचं फेनोफायब्रेट डोळ्यांसाठी देतात म्हणे, ते खरं का?

कडू कारलं

हळदीच्या दुधात साखर घालणार नसाल तर चालेल, ताई. घालणार असाल तर आमच्याकडे या, रस तयार आहे.

ऐरोलीचा डॉक्टर

नेरुळकरीण, हळद भाजीत असतेच, तिने पडदा सुधारेल अशी आशा ठेवू नका. फेनोफायब्रेटचं मात्र खरं आहे. 'फील्ड' नावाच्या चाचणीत (२००७) लेसरची गरज कमी पडली, ॲकॉर्ड-आयमध्ये (२०१०) विकार पुढे सरकणं कमी झालं, आणि २०२४ ला स्कॉटलंडच्या 'लेन्स' नावाच्या चाचणीत सुरुवातीचे बदल असलेल्यांत ते सुमारे २७ टक्क्यांनी घटलं. ऑस्ट्रेलियात पडद्यासाठी त्याला रीतसर मान्यता आहे. पण क्रिएटिनिन थोडं वाढतं, मूत्रपिंड थकलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो किंवा देताच येत नाही. दुकानातून आपल्या मनाने आणून सुरू करायची ही गोळी नव्हे.

औषधांचा विषय निघालाच तर दोन गोष्टी. पायोग्लिटाझोनने अंगात पाणी साठतं, काहींत मॅक्युलाची सूज वाढते. आणि खूप वाढलेली साखर इन्सुलिनने किंवा सेमाग्लुटाइडसारख्या औषधाने झपाट्याने खाली आणली तर आधीच बिघडलेला पडदा सुरुवातीला आणखी बिघडू शकतो. डीसीसीटीत हे दिसलं, सेमाग्लुटाइडच्या २०१६ च्या सस्टेन-६ चाचणीतही. म्हणून एचबीए१सी ११ असलेल्याचे डोळे उपचार वाढवण्याआधी बघून घ्यावेत. साखर उतरवणं टाळायचं नाही, फक्त डोळ्यांवर नजर ठेवून उतरवायची.

पडदानशीन

हे शेवटचं वाक्य शिबिराच्या पत्रकावर छापा.

पारसिक बोगदा

फोटो ठरला तर थेंबांचं आधीच सांगून ठेवा. आपल्याकडचे नेहमीचे थेंब म्हणजे ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फेनिलेफ्रिन ५ टक्के. बाहुली पूर्ण उघडायला वीस-तीस मिनिटं, जुन्या मधुमेहींना त्याहून जास्त, कधी दोन-तीनदा घालावे लागतात. परिणाम चार ते सहा तास. जवळचं वाचता येत नाही, उन्हात डोळे दिपतात. स्कूटर घेऊन पाम बीच रोडला लागायचं नाही. काळा चष्मा आणि सोबत एक माणूस. बीपी फार वाढलेलं असेल तर फेनिलेफ्रिन नको, नुसतं ट्रॉपिकामाइड. थेंब घालण्याआधी बाजूने टॉर्च मारून डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ नाही ना हे तंत्रज्ञाने बघावं. नंतर डोळा लाल, दुखरा, दिव्याभोवती वलय, उलटी असं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. म्हणजे दाहाचं पॅकेज रद्द. यादी अशी करतोय: बीपी, सीबीसी (फाइव्ह-पार्ट), एचबीए१सी, क्रिएटिनिन, लिपिड, लघवीचा रेशो, आणि सगळ्यांचे पडद्याचे फोटो. बाहुली मोठी न करता फोटो काढणारा कॅमेरा भाड्याने मिळतोय. तो चालेल का, की थेंब घालायलाच हवेत? आणि ज्यांनी गेल्या वर्षीच डोळे दाखवलेत त्यांना वगळू का?

पडदानशीन

कॅमेरा चालेल. प्रत्येक डोळ्याचे ४५ अंशांचे दोन फोटो: एक मॅक्युला मध्यभागी धरून, एक ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती जागा) मध्यभागी धरून. खोली अंधारी हवी, एक डोळा झाल्यावर दुसऱ्याआधी दोन-तीन मिनिटं थांबायचं, कारण फ्लॅशने दोन्ही बाहुल्या आकसतात. थेंबांशिवाय फोटो धुरकट आला तरच थेंब. मोतीबिंदूमुळे तरीही काही दिसलं नाही तर शेरा 'नॉर्मल' नाही, 'वाचता आला नाही, डॉक्टरकडे पाठवा' असा लिहायचा. शिबिरांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

कुणाला पाठवायचं: मध्यम किंवा त्याहून पुढचा विकार, मॅक्युलाच्या मध्यापासून एका डिस्कच्या अंतरात पिवळे कठीण ठिपके, न वाचता आलेला फोटो. अचानक काळे कण, जाळी, पडदा सरकल्यासारखं वाटत असेल त्याला शिबिरात रांगेत उभं करू नका, त्याच दिवशी पाठवा. आणि फोटो कोण वाचणार, किती दिवसांत, हे कॅमेरेवाल्याकडून लेखी घ्या.

गेल्या वर्षीचा रिपोर्ट हातात असेल आणि त्यात 'विकार नाही' असं स्वच्छ लिहिलं असेल, साखर-बीपीही ताब्यात असेल, तर वगळलं तरी चालेल. 'डॉक्टर म्हणाले ठीक आहे' एवढ्यावर वगळू नका, पुष्कळदा ती चष्म्याच्या नंबरची तपासणी असते. टाइप २ च्या नव्या रुग्णाला 'आत्ताच तर निघालाय' म्हणून सोडू नका, त्याची पहिली तपासणी निदान झाल्याबरोबरच. गरोदर मधुमेही असेल तर पहिल्या तिमाहीतच.

तलावपाळी

ज्यांना पुढे पाठवाल त्यांना परवडलं नाही तर? कळव्याचं मनपाचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथला नेत्रविभागाचा बाह्यरुग्ण वार आधी विचारून पत्रकावर टाका. नवी मुंबईकडच्यांना वाशीचं मनपा रुग्णालय. पण लेसर आणि इंजेक्शनची सोय त्या दिवशी आहे का हे फोन करून विचारा, नाहीतर माणूस दोन खेटे घालून तिसऱ्यांदा जात नाही.

ऐरोलीचा डॉक्टर

रक्ताची वेळ सकाळी सात ते नऊ ठेवा. साखर आणि लिपिडसाठी उपाशी, सीबीसी आणि एचबीए१सीला उपाशी लागत नाही. इन्सुलिनवाल्यांना पहिला नंबर, आणि टेबलावर ग्लुकोज पावडर तयार ठेवा. फोटो नाश्त्यानंतर. उपाशीपोटी अंधाऱ्या खोलीत बसवलं की एखादा घेरी येऊन पडतोच.

कडू कारलं

नाश्त्याला काय? कमिटीने गेल्या वेळी मधुमेह शिबिरात शिरा ठेवला होता असं ऐकून आहे.

घोडबंदरकर

शिरा रद्द, मटकीची उसळ आणि उकडलेली अंडी. क्लबहाऊसच्या खिडक्यांना काळा कागद लावायचं काम कारलेसाहेबांकडे.